भिंत जुनी, तारा नव्या

जुन्या घराच्या बाहेरच्या भिंतीकडे एकदा मान वर करून पाहा. छपरावरून खाली आलेली चपटी पट्टीसारखी वायर दिसली, तर ती दूरदर्शनच्या अँटेनाची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत ज्यांनी छपरावर अँटेना उभारली त्यांच्याकडे ही पट्टी अजून लोंबत असते. तिच्याशेजारी टेलिफोनची दोन तारांची जोडी, मग केबलवाल्याची काळी वायर, डिशची पांढरी, आणि सगळ्यांच्या वरून खिडकीच्या फटीतून आत शिरलेली फायबरची बारीक दोरी. यातल्या निम्म्या तारांमधून आता काहीही येत नाही. दूरदर्शनची जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणारी जुनी प्रक्षेपणं जवळपास सगळी बंद झाली आहेत. ती आडव्या कांड्यांची अँटेना कावळ्यांच्या बसण्यापुरतीच उरली आहे.

जुन्या घरात टीव्ही, रेडिओ आणि इंटरनेटसाठी नीट वायरिंग करायचं असेल, तर पहिला दिवस या मेलेल्या तारा ओळखण्यात घालवा. पण दिसली तार की ओढली, असं करू नका. टेलिफोनची तार कित्येकदा भिंतीतल्या जुन्या पाइपातून गेलेली असते आणि असा तयार पाइप मिळणं हे जुन्या घरात नशीबच. तार काढण्याआधी तिच्या टोकाला नायलॉनची मजबूत दोरी चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि मग दुसऱ्या टोकाकडून ओढा. तार बाहेर येईल, दोरी आत राहील. उद्या त्याच दोरीने नवी केबल आत घेता येईल. तार हललीच नाही, तर ती प्लास्टरमध्ये थेट पुरलेली आहे असं समजा आणि नाद सोडा.

यातच पुढच्या सगळ्या कामाचं सूत्र आहे. गेल्या पन्नास वर्षांत घराघरांत अँटेनाची पट्टी आली, केबल आली, डिश आली, फायबर आलं. भिंत मात्र तीच आहे. म्हणून पैसे आणि डोकं तारेवर कमी, तिच्या वाटेवर जास्त खर्च करा. रिकामा पाइप, त्यात एक दोरी आणि दोन्ही टोकांना पुरेसा मोठा बॉक्स एवढं करून ठेवलंत, तर पुढच्या पिढीला गवंडी बोलवावा लागणार नाही.

तारांच्या आधी वीज

बहुतेकजण इथेच घाई करतात. नवा टीव्ही येतो, राउटर येतो, आणि तो जोडला जातो लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगला. आपल्याकडच्या जुन्या घरांत अजूनही सागवानी पट्टीवर क्लिपांनी ठोकलेली वायर दिसते. काही ठिकाणी तर सुती वेष्टणाची रबरी वायर, चिनी मातीचे फ्यूज आणि दोन भोकांचे सॉकेट. या वायरचं रबर वाळून कडक झालेलं असतं. नुसतं वाकवलं तरी त्याला तडे जातात. अशा सर्किटवर टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर असा सगळा बारदाना लावणं म्हणजे आगीला आवतण.

एक साधी खूण सांगतो. सेट-टॉप बॉक्सच्या धातूच्या मागच्या पट्टीला किंवा एचडीएमआय केबलच्या टोकाला बोट लागलं की झिणझिण्या येतात, टेस्टर टेकवला की त्यात मंद दिवा लागतो. केबलवाला म्हणतो, ‘‘काही नाही, एवढं तर येतंच.’’ ते येतं, कारण या उपकरणांच्या आतल्या वीजपुरवठ्यातून थोडा प्रवाह बाहेरच्या धातूवर येत असतो आणि घरात अर्थिंग नसेल तर त्याला जायला वाट नसते. तो प्रवाह अगदी अल्प असतो, पण टीव्ही चालू ठेवून एचडीएमआय काढघाल करताना पोर्ट जाळायला तेवढा पुरतो. म्हणून जोडाजोडी नेहमी दोन्हीकडचे प्लग काढून करा. आणि झिणझिण्या जोराच्या असतील तर कुठे तरी खराच लीकेज आहे असं धरून वायरमनला बोलवा.

त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. अर्थिंगचा खड्डा तपासून किंवा नवा करून प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार न्यायची. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज होताच वीज तोडणारा स्विच, बसवायचा. आणि जुन्या सर्किटांना मेगर लावून इन्सुलेशन मोजायचं. आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर ते सर्किट बदलायचं, डागडुजी करायची नाही. हे काम परवानाधारक माणसाचंच. बाकी सगळं, म्हणजे डेटाची केबल ओढणं, टोकं बसवणं, लेबल लावणं हे हौस असेल तर घरच्या घरी जमतं. वीज मात्र हौसेची नाही.

भिंत काय म्हणते

फ्लॅटमध्ये कटर मारून झिरी पाडली, पाइप बसवला, प्लास्टर केलं की झालं. जुन्या घरात तसं नाही, कारण तिथे भिंतच छप्पर पेलते. भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींबाबत भारतीय मानक सांगतं ते पाठच करून ठेवा: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. आता हिशोब करा. ९ इंची भिंतीत उभी झिरी ३ इंचांपर्यंत चालेल, आडवी दीड इंचापर्यंतच. २५ मिमीचा पाइप आणि वर सेंटीमीटरभर प्लास्टर धरलं तर दीड इंच तिथेच संपतो. साडेचार इंची भिंतीत तर आडव्या झिरीला पाऊण इंचच मिळतो, म्हणजे पाइप बसणारच नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा: भिंतीतून फक्त वर-खाली जायचं, आडवं जायचं ते छताजवळून किंवा जमिनीलगत, भिंतीबाहेरून. ठेकेदार आडवी झिरी मारायला निघाला तर तिथेच थांबवा. त्याला ती सोपी पडते म्हणून तो मारतो.

पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या वाड्यांमध्ये खालचे चार-पाच फूट दगड, वर विटा किंवा पांढरी माती, आणि भिंतीची जाडी दीड-दोन फूट. यात झिरी मारायला गेलात तर मातीचं पोट ढासळतं आणि दोन इंचांच्या झिरीची जागा वीतभर खड्डा घेतो. इथे तुळया आणि पाटांचं छत, म्हणजे कडीपाट, कामाला येतो. तुळईच्या बाजूने, पाटाला लागून केसिंग-कॅपिंगची पट्टी नेली आणि तिला लाकडाचाच रंग दिला, तर खालून सहसा दिसत नाही. तुळईला सॅडल मारा, छोट्या स्क्रूने. तुळईला आरपार भोक पाडू नका, ‘एवढ्याशा भोकाने काय होतंय’ असं कोणी म्हणालं तरी. वाड्यात भिंत ओलांडायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे दाराच्या चौकटीचा वरचा कोपरा. तिथे चौकट आणि भिंत यांच्यात बहुधा फट असतेच.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची भिंत. चिऱ्याला ड्रिल सहज जातं, पण गट्टी धरत नाही. दगडातच भोकं असतात, गट्टी गोल फिरत बसते. लांब गट्टी घ्या, भोकात आधी थोडं सिमेंट भरा आणि ते वाळल्यावर स्क्रू आवळा. पावसाळ्यात चिरा पाणी पितो, तेव्हा भिंतीत पुरलेल्या बॉक्समधले जोड हिरवे पडतात. तिथे भिंतीवरून, सॅडलवर थोडा उचलून नेलेला पाइपच बरा. मंगळुरी कौलांखाली छत नसेल तर वायर उघडी कधीच सोडू नका. उंदरांना आणि खारींना ती कुरतडायला फार आवडते. शेवटच्या फूटभरापर्यंत पाइप हवा. आणि वाळवी लागलेल्या वाशावर काहीही ठोकण्याआधी तो वासा बदला.

साठ-सत्तरच्या दशकातल्या आरसीसी फ्लॅटवाल्यांचं त्या मानाने बरं आहे. कॉलम आणि बीमला हात लावायचा नाही, एवढं पाळलं की मधल्या विटांच्या भिंतीत काम होतं. चाळीतल्या दोन खोल्यांना तर हे सगळं लागतही नाही. दाराजवळ एक आणि आतल्या खोलीत एक पॉइंट, दोन्ही केसिंगमधून, एवढ्यात काम भागतं. पागडीची खोली असेल तर भिंतीला हात लावण्याआधी मालकाला विचारा. आणि चाळीच्या कॉमन गॅलरीतून दुसऱ्याच्या दारावरून वायर नेणार असाल तर आधी शेजाऱ्याशी बोला. नंतर बोलण्यात फार वेळ जातो.

सगळ्या वाटा एका ठिकाणी

घरातली एक जागा ठरवा, जिथे बाहेरून येणारी प्रत्येक तार आधी पोचेल आणि जिथून प्रत्येक खोलीत स्वतंत्र पाइप निघेल. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी साखळी करू नका. मधला एक जोड सैल झाला की पुढच्या सगळ्या खोल्या अंधारात. ही जागा घराच्या शक्य तितक्या मध्यभागी हवी, हवा खेळती हवी आणि विजेचे चार-पाच पॉइंट हवेत. जुन्या घरात यासाठी भिंतीतलं फडताळ अगदी तयार मिळतं. त्याच्या दाराला जाळी बसवा किंवा वर-खाली हवेला भोकं ठेवा, कारण ओएनटी आणि राउटर दिवसरात्र तापत असतात. लोखंडी कपाटात राउटर ठेवू नका, पत्रा वाय-फाय अडवतो. देवघराशेजारचा कोनाडा रिकामा आहे म्हणून तिथे राउटर बसवणारेही मी पाहिले आहेत. समईची काजळी आणि तेल त्या यंत्राच्या भोकांत काय करतं, ते सहा महिन्यांनी उघडून पाहावं.

पाइप २५ मिमीचा घ्या. २० मिमीचा स्वस्त पडतो, पण त्यात कोपऱ्यावर केबल अडते. २५ मिमीमध्ये टीव्हीची एक केबल आणि डेटाच्या दोन-तीन सहज जातात आणि निम्म्याहून जास्त पाइप रिकामा राहतो, तो तसाच रिकामा हवा. काटकोनी एल्बो लावू नका, लांब वळणाचा बेंड लावा. दोन बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये आणखी एक बॉक्स टाका. विजेच्या पाइपापासून फूटभर अंतर ठेवा. विजेची लाइन ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा, तिच्याबरोबर समांतर धावू नका. आणि विजेच्या पाइपात डेटाची केबल टाकायला ‘जागा आहे की’ म्हणून कोणी सांगितलं, तर तो माणूस बदला. त्यात धोका आहे, फक्त सिग्नल खराब होण्याचा प्रश्न नाही.

टीव्हीच्या मागे मात्र वेगळा हिशोब. भिंतीवर लावलेल्या टीव्हीपासून खालच्या टेबलापर्यंत दोन इंची पाइप उभा बसवा. एचडीएमआयचं डोकं २५ मिमीच्या पाइपातून वळणावर जात नाही, हे बहुतेकांना प्लास्टर झाल्यावर कळतं. टीव्हीमागे विजेचे दोन, टेबलामागे चार सॉकेट ठेवा. त्याशिवाय मल्टिप्लगची माळ सुटत नाही.

टीव्ही

टीव्हीसाठी आरजी-६ केबल घ्या, वेष्टणावर तसं छापलेलं असतं. जुनी आरजी-५९ त्याहून बारीक असते, ती केबलवाल्याच्या जुन्या सिग्नलला चालायची. डिशच्या दांडीवरचा एलएनबी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमधला सिग्नल खाली पाठवतो आणि वारंवारता जितकी जास्त तितकी केबलमध्ये गळती जास्त. ३० मीटर लांबीला आरजी-६ही त्यातला बराच सिग्नल खाते. म्हणून डिश ते फडताळ हे अंतर कमीत कमी ठेवा आणि मध्ये जोड देऊ नका.

दोन खोल्यांत दोन टीव्ही हवेत म्हणून बाजारातला साधा स्प्लिटर आणून लावतात आणि मग काही चॅनल गायब होतात. कारण असं: सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून सांगतो की कोणत्या ध्रुवीकरणाचे चॅनल हवेत. एकाच केबलवर दोन बॉक्स बसले की एक १३ म्हणतो, दुसरा १८, आणि एकाचंच चालतं. प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून स्वतंत्र केबल हवी. त्यासाठी दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी मिळतो. केबल टीव्हीला ही भानगड नाही, तिथे स्प्लिटर चालतो, पण दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेला निम्म्याहून थोडा कमीच सिग्नल देतो. जुन्या काळी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. आता चौकोन पडतात किंवा चित्र गोठतं, मधली अवस्था नसते.

ज्यांना महिन्याचं बिल नको त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करावा. बॉक्स आणि डिश एकदा घेतली की मासिक शुल्क नाही. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे महाराष्ट्रातून डिशचं तोंड आग्नेयेला. आग्नेयेला शेजारच्याचा आंबा किंवा नवी इमारत असेल तर आधी छपरावर चढून पाहा, मग पैसे मोजा. डिश कौलांवर बसवू नका. भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला पक्की करा, कौलांवर वारा तिला हलवतो आणि पहिल्याच वळवात निशाण चुकतं.

एफ-कनेक्टर बसवताना मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटरच राहू द्या. बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. टेकला की शॉर्ट, आणि दोष शोधायला अर्धा दिवस जातो. बाहेरच्या जोडावर ताणून गुंडाळायची रबरी सेल्फ-बाँडिंग टेप लावा, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून थेंबाथेंबाने गळून जाईल. हा झोळ न दिल्यामुळे केबलच्या पोटातून वाहत आलेलं पाणी मी सेट-टॉप बॉक्समध्ये पाहिलं आहे.

रेडिओ

रेडिओसाठी वायरिंग कशाला, असं आता कोणी विचारेल. पण जुन्या घरात रेडिओ ऐकणारं एक तरी माणूस असतं आणि नव्या उपकरणांचा सगळ्यात जास्त त्रास होतो तो त्याला. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि राउटरचा अॅडॉप्टर हे सगळे मध्यम लहरींच्या पट्ट्यात खरखर ओततात. पुणे केंद्र वर्षानुवर्षं ७९२ किलोहर्ट्झवर आणि नागपूर ५८५वर ऐकलेल्या आजोबांना वाटतं, स्टेशनच कमजोर झालं. स्टेशन आहे तसंच असतं, घरातला गोंगाट वाढलेला असतो.

चोर शोधायची पद्धत सोपी आहे. बॅटरीवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरींवर जिथे स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि बोर्डातले एमसीबी एकेक करून बंद करा. ज्या एमसीबीने खरखर थांबेल, त्या सर्किटवर चोर आहे. मग तो ट्रान्झिस्टर हातात धरून त्या खोलीतल्या एकेका दिव्याजवळ, चार्जरजवळ न्या. जिथे खरखर सगळ्यात जास्त, ते उपकरण बदला. बहुधा तो स्वस्तातला बल्ब किंवा बिननावाचा चार्जर निघतो. बदलायचा नसेल तर त्याच्या वायरवर फेराइटचा क्लिपवाला मणी बसवून पाहा, पुष्कळदा फरक पडतो. डेटाचं फडताळ आणि रेडिओची जागा यात एक खोली तरी अंतर ठेवा.

मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर आतल्या फेराइट कांडीवर सिग्नल पकडतो आणि ती कांडी दिशेची फार पक्की असते. रेडिओ जागच्या जागी पाव वळण फिरवला तरी आवाज दुप्पट होऊ शकतो. शेल्फावर भिंतीला समांतर ठेवायचाच असा हट्ट धरू नका. जुन्या व्हॉल्व्ह सेटसाठी मात्र बाहेरची एरियल लागते. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आठवत असेल. ती अजून असेल तर काढू नका, टोकाचा जोड घासून साफ करा, इतकंच. नसेल तर दहा-बारा मीटरची साधी वायर कौलांखाली, विजेच्या लाइनपासून दूर ताणा. व्हॉल्व्ह सेट वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट प्लग लावू नका, आतले कपॅसिटर आधी तपासून घ्या. शिवाय ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटांची चासीच वीजवाही असू शकते. असा सेट उघडण्याचं काम जाणकाराचं.

एफएमचं प्रकरण वेगळं आणि सोपं. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या मध्यावर लहरीची लांबी ३ मीटर, तिचा अर्धा म्हणजे दीड मीटर. प्रत्येकी सुमारे ७५ सेंमीच्या दोन तारा घ्या, एक आरजी-६च्या मधल्या तारेला आणि दुसरी जाळीला जोडा, दोन्ही विरुद्ध दिशांना सरळ पसरा. झाली अँटेना. आडवी चांगली चालते की उभी, हे ऐकून ठरवा. माळ्यावर, कौलांखाली ती बसवली तर पाऊस-वाऱ्याचा प्रश्न नाही. तिची केबल फडताळातून म्युझिक सिस्टीमपर्यंत आणण्यासाठी तुमचा २५ मिमीचा पाइप आहेच. घाटाआड असलेल्या, सिग्नल मुळातच न पोचणाऱ्या गावांत मात्र अँटेनावर खर्च करू नका. प्रसार भारतीच्या अॅपवर आकाशवाणीची केंद्रं इंटरनेटवरून ऐकू येतात, तेवढं पुरे.

डेटा

दोन फुटी भिंतीतून वाय-फाय नीट पलीकडे जात नाही. ५ गिगाहर्ट्झचं तर नाहीच, २.४चं लंगडत जातं. म्हणून जुन्या घराला केबलची गरज नव्या घरापेक्षा जास्त. प्रत्येक मोठ्या खोलीत कॅट-६चा एक पॉइंट, टीव्हीमागे दोन आणि माडीवर, जिन्याच्या तोंडाशी छताजवळ एक, वाय-फायच्या अॅक्सेस पॉइंटसाठी. मग राउटर एक आणि त्याला केबलने जोडलेले एक-दोन अॅक्सेस पॉइंट, अशी रचना करा. नुसती हवेतून जोडलेली मेश यंत्रं वाड्यात पैसे वाया घालवतात. विजेच्या तारांमधून इंटरनेट नेणारे अॅडॉप्टरही जुन्या वायरिंगवर भरवशाचे नाहीत.

केबल घेताना खोक्यावर ‘शुद्ध तांबं’ आहे का ते पाहा आणि तरीही खात्री करा. तारेच्या टोकावर ब्लेड घासा. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. ती केबल वळणावर तुटते आणि कॅमेऱ्याला किंवा अॅक्सेस पॉइंटला त्यातूनच वीज द्यायची असेल तर तापते. कॅट-६ची मर्यादा एका सलग लांबीला १०० मीटर, ती घरात कोणालाही पुरून उरते.

टोकं बसवताना दोन्हीकडे रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. क्लिप आपल्या विरुद्ध बाजूला धरली की हा क्रम डावीकडून उजवीकडे. जोड्यांचे पीळ टोकापर्यंत राहू द्या, सेंटीमीटरभरच उलगडा. भिंतीतल्या केबलला थेट प्लग लावण्यापेक्षा कीस्टोन जॅक लावा, तो हलत नाही. काम झाल्यावर लॅपटॉपवर जोडणीचा वेग पाहा. १००० ऐवजी १०० दिसला तर चारपैकी एक जोडी नीट बसलेली नाही. टीव्हीवर १०० दिसलं तर मात्र घाबरू नका. बहुतेक टीव्हींच्या नेटवर्क पोर्टची मर्यादाच तेवढी असते आणि फोर-के चित्राला सहसा त्याचा चौथा हिस्साही लागत नाही.

फायबरवाला येतो तेव्हा घाईत असतो आणि खिडकीशेजारी, त्याला सोयीच्या जागी डबा ठोकून जातो. तो येण्याआधी बाहेरच्या भिंतीपासून फडताळापर्यंत पाइप आणि दोरी तयार ठेवा, आणि ओएनटी तिथेच बसवायला सांगा. त्याला हरकत नसते, वाट तयार मिळाली की तो खूशच असतो. फायबर म्हणजे काच. ३ सेंमीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका, तिच्यावर खिळा ठोकू नका, दोन मीटर जादाची गुंडाळी करून ठेवा. सुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. ओएनटीवर लाल दिवा लुकलुकला की राउटर चालू-बंद करत बसू नका, बहुधा तार तुटली किंवा वाकली आहे.

लोडशेडिंग असलेल्या गावात ओएनटी आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. दोन्ही बहुधा १२ व्होल्टचे असतात, पण डब्यावरचा आकडा आणि पिनेची ध्रुवता वाचूनच जोडा. विजा कडकडू लागल्या की, विशेषतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात, टीव्हीचा प्लग काढून भागत नाही. डिशची किंवा केबलची स्क्रूवाली वायरही काढा, कारण झटका तिकडूनही येतो. डिशचा लोखंडी खांब घराच्या अर्थिंगला जोडलेला हवा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अॅडॉप्टरमधून येते, तेव्हा तोही काढा.

गवंडी प्लास्टरचं घमेलं उचलण्याआधी दोन कामं उरतात. प्रत्येक भिंतीचा पाइप दिसत असताना मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे पाच वर्षांनी खिळा कुठे मारायचा नाही ते कळेल. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावा, ‘माजघर टीव्ही’, ‘माडी उत्तर’ अशी. कामाचा शेवटचा हप्ता द्या तो प्रत्येक पॉइंटवर टीव्ही लावून, वेग मोजून आणि आजोबांना रेडिओवरच्या बातम्या ऐकवून झाल्यावरच.